‘लघवी मिळाली नाही’ या शेऱ्यावर तपास संपवू नका : शर्यत नियामक मंडळांना खुले पत्र

प्रति,
घोड्यांच्या शर्यतींचे नियमन करणाऱ्या आणि औषधचाचणीचे नियम ठरवणाऱ्या सर्व मंडळांचे अध्यक्ष व सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

मी शर्यतीच्या घोड्यांचा पशुवैद्य आहे. शर्यत संपल्यावर निवडलेले घोडे ज्या तबेल्यात नमुन्यांसाठी आणले जातात, तिथे उभे राहून रक्त आणि लघवी गोळा करण्याचे काम मी अनेक वर्षे केले आहे. हे पत्र एकाच औषधाविषयी आणि एकाच मागणीविषयी आहे. औषध म्हणजे फ्युरोसेमाइड, ज्याला तबेल्यातली मंडळी आजही ‘लॅसिक्स’ या जुन्या व्यापारी नावानेच ओळखतात. मागणी अशी की, या औषधासाठी घोडा तपासायचा असेल तर त्याचे रक्त घेतलेच पाहिजे आणि लघवी मिळवण्याचा प्रामाणिक प्रयत्न झालाच पाहिजे. नुसत्या लघवीच्या भरवशावर कोणाला दोषी ठरवू नये आणि ती मिळाली नाही म्हणून कोणाला निर्दोषही मानू नये.

हे औषध घोड्याला का देतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच, तरीही पुढच्या युक्तिवादासाठी थोडक्यात मांडतो. भरधाव धावणाऱ्या घोड्याच्या फुफ्फुसांतल्या केशवाहिन्यांवर इतका दाब येतो की त्यांतल्या काही फुटतात आणि रक्त श्वासमार्गात उतरते. नाकपुडीतून रक्त आलेले दिसते ते फार थोड्या घोड्यांत. बाकीच्यांत ते शर्यतीनंतर एंडोस्कोपने श्वासनलिका पाहिल्यावरच कळते. फ्युरोसेमाइड मूत्रपिंडातल्या हेन्लेच्या वळणात क्षार पुन्हा शोषले जाऊ देत नाही, त्या क्षारांबरोबर पाणी बाहेर पडते, रक्ताचे आकारमान घटते आणि फुफ्फुसांतला दाब काही अंशी उतरतो. हे सांगोवांगीचे ज्ञान नाही. दक्षिण आफ्रिकेत १६७ थरोब्रेड (शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीच्या) घोड्यांवर केलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक घोडा एकदा औषध देऊन आणि एकदा नुसते सलाइन देऊन पळवला गेला, आणि सलाइनच्या शर्यतीत रक्तस्राव आढळण्याचा संभव औषधाच्या शर्यतीपेक्षा तिपटीहून अधिक दिसला. तेव्हा हे औषध निरुपयोगी आहे असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही.

पण ज्या गुणामुळे ते फुफ्फुसांना उपकारक ठरते, त्याच गुणामुळे ते नियमनाचा विषय होते. शिरेतून दिल्यावर काही मिनिटांतच लघवीचा ओघ सुरू होतो आणि पुढच्या दोन-तीन तासांत घोड्याचे वजन दहा-पंधरा किलोंनी उतरू शकते. साडेचारशे-पाचशे किलोंच्या धावपटूच्या अंगावरून एवढा भार शर्यतीच्या तोंडावर कमी होणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. दुसरा आक्षेप त्याहून जुना आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे : लघवी पातळ झाली की तिच्यातून बाहेर पडणाऱ्या इतर औषधांची तीव्रताही घटते. माणसांच्या क्रीडास्पर्धांतही मूत्रल म्हणजे लघवी वाढवणारी औषधे निषिद्ध यादीत ‘लपवणारे घटक’ या वर्गात येतात, ती याच कारणाने. आजच्या मास स्पेक्ट्रोमीटरच्या, म्हणजे औषधाचे सूक्ष्म अंश ओळखणाऱ्या यंत्राच्या, नजरेतून फारसे काही सुटत नाही, हे मान्य. पण जे औषध आधीच शोधमर्यादेच्या काठावर आहे, त्याला चौपट पाण्यात विरघळवले तर ते काठाखाली जाणारच.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. रक्त आणि लघवी हे दोन नमुने एकमेकांना पर्याय आहेत, अशी समजूत अनेक नियमावल्यांच्या भाषेत दडलेली दिसते. ‘रक्त किंवा लघवी’ असे लिहिले जाते, आणि तो ‘किंवा’ पुढे सगळा घोटाळा करतो. रक्तातले प्रमाण सुई टोचल्या क्षणीचे असते. मूत्राशयात मात्र घोड्याने शेवटची लघवी केल्यापासून साठत आलेले सगळे एकत्र मिसळलेले असते; त्यात सकाळचे पाणी असते, औषधाच्या पहिल्या तासातला पातळ लोंढा असतो आणि शर्यतीनंतर हळूहळू झिरपलेली दाट लघवीही असते. त्यामुळे लघवीत फ्युरोसेमाइडचे प्रमाण अमुक इतके आहे यावरून ते कधी दिले आणि किती दिले, हे सांगता येत नाही. तोच डोस, तीच वेळ, तोच घोडा. फक्त एकदा शर्यतीला निघण्याआधी तो मोकळा झाला आणि एकदा झाला नाही, तर आकडे वेगळे येतील. वेळेचा आणि मात्रेचा प्रश्न रक्तालाच विचारावा लागतो.

याच्या उलट, दुसरे काही दडवले आहे का, हा प्रश्न बहुतेक वेळा लघवीला विचारावा लागतो. अनेक औषधे आणि त्यांचे चयापचयातून तयार झालेले घटक रक्तातून लवकर नाहीसे होतात, पण लघवीत दाट स्वरूपात आणि अधिक काळ सापडत राहतात. म्हणजे ज्या औषधाने लघवी बिघडवली त्याची वेळ रक्त सांगते, आणि ती लघवी तपासणीच्या लायकीची उरली आहे की नाही हे खुद्द लघवीच सांगते. एकाच वेळी दोन्ही घेतल्याखेरीज चित्र पुरे होत नाही, हे इतके साधे आहे.

अमेरिकेतल्या आदर्श नियमांत, म्हणजे तिथल्या मंडळांनी स्वीकारावेत म्हणून बनवलेल्या नियमांत, हे नाते बऱ्याच अंशी ओळखलेले आहे, म्हणून त्यांचा दाखला देतो. जिथे शर्यतीच्या दिवशी हे औषध चालते, तिथे १५० ते ५०० मिलिग्रॅमचा एकच डोस, फक्त शिरेतून आणि शर्यतीच्या किमान चार तास आधी द्यायचा. शर्यतीनंतर लघवीचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे शुद्ध पाण्याला १.००० धरून तिचा दाटपणा, १.०१० च्या खाली असता कामा नये. ते खाली आले, मोजलेच गेले नाही किंवा लघवी मिळालीच नाही, तर रक्तातल्या द्रवात औषधाचे प्रमाण मोजायचे. आणि ते मिलिलिटरमागे १०० नॅनोग्रॅमच्या वर गेले तर उल्लंघन मानायचे. चार तासांची अट हवेतून आलेली नाही. तोवर लघवीचा ओघ ओसरलेला असतो, पाणी गमावलेले शरीर लघवी पुन्हा दाट करू लागलेले असते आणि रक्तातले प्रमाण १०० नॅनोग्रॅमच्या बरेच खाली उतरलेले असते. नियमाप्रमाणे दिलेल्या औषधाला या मर्यादेत वावरायला भरपूर जागा आहे. उशिरा दिलेला डोस, दुसऱ्यांदा दिलेला डोस किंवा शिरेऐवजी स्नायूत टोचलेला आणि त्यामुळे सावकाश रक्तात उतरणारा डोस मात्र इथे पकडला जातो. ही विचारपूर्वक केलेली रचना आहे. तिचा कणा रक्ताचा नमुना आहे, हे मात्र विसरले जाते. रक्तच घेतलेले नसेल तर मोजणार काय?

या दोन नमुन्यांचे नाते मला पुस्तकातून नव्हे, एका तांबूस घोडीमुळे उमगले. निरोगी घोड्याची लघवी गढूळ असते. कॅल्शियम कार्बोनेटचे कण आणि चिकट श्लेष्मा यांमुळे भांड्यात धरली की ती ताकासारखी दिसते आणि नुसती धार पाहूनही अनुभवी माणसाला अंदाज येतो. त्या संध्याकाळी घोडी आत आली, पेंढ्यावर उभी राहिली, मोतद्दाराने नेहमीप्रमाणे हलकी शीळ घातली आणि दोन मिनिटांतच तिने धार सोडली. लांब दांड्याच्या भांड्यात आले ते जवळजवळ पाणीच. विशिष्ट गुरुत्व मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब ठेवून मी उजेडाकडे धरले. सावलीची रेघ १.००४ वर होती. पुन्हा काच पुसली, पुन्हा थेंब ठेवले, तोच आकडा. सोबत उभ्या असलेल्या ट्रेनरचा चेहरा उतरला. औषध वेळेवर दिले होते, नोंद होती, सही होती, असे तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. त्या दिवशी आम्ही तिचे रक्त आधीच घेतलेले होते. अहवाल आला तेव्हा रक्तातले प्रमाण मर्यादेच्या पुष्कळ खाली होते. म्हणजे डोस नियमाप्रमाणेच होता. घोडीने दुपारपासून लघवी तुंबवून ठेवली होती आणि आम्ही भांड्यात धरले ते दुपारचे पाणी होते. रक्त नसते तर त्या माणसाच्या नावामागे कायमचा संशय लागला असता. कडक तपासणी म्हणजे ट्रेनरविरुद्ध तपासणी, असे ज्यांना वाटते त्यांनी ही घोडी लक्षात ठेवावी. तिच्या लघवीचा उपयोग मात्र त्या दिवशी इतर औषधांच्या शोधासाठी फारसा नव्हता, आणि हेही नोंदवले गेले पाहिजे होते. आमच्या फॉर्मवर त्यासाठी जागाच नव्हती.

उलट प्रसंग अधिक वारंवार घडतो. घोडा आत येतो, घामाने निथळत असतो, त्याला फिरवून थंड केले जाते, घोट-घोट पाणी दिले जाते आणि मग ताज्या पेंढ्याच्या खोलीत सोडले जाते. आपण भिंतीला टेकून शीळ घालत उभे राहायचे. काही घोडे लगेच मोकळे होतात, काही तासभर ढिम्म हलत नाहीत. बाहेर वाहन थांबलेले असते, पुढची शर्यत संपत आलेली असते, मोतद्दाराला घोड्याला चारा द्यायचा असतो आणि मदतनीस घड्याळाकडे पाहत असतो. मग फॉर्मवर ‘लघवी मिळाली नाही’ या चौकटीत खूण पडते. मीही ती खूण केलेली आहे, आणि प्रत्येक वेळी ती करण्याआधी पुरेसा वेळ थांबलो होतो असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ज्याला काही लपवायचे आहे त्याच्या दृष्टीने या चौकटीइतकी सोयीची जागा दुसरी नाही : घोड्याला नमुना-तबेल्याकडे आणताना वाटेतल्या गवतावर क्षणभर थांबू दिले की पुरे. म्हणूनच शर्यतीच्या मैदानातून नमुना-तबेल्यापर्यंत घोड्यासोबत नियामक मंडळाचा माणूस सतत असावा. पुष्कळ ठिकाणी हा नियम आहे, पण तो पाळण्याइतकी माणसे नेमलेली नसतात.

काही सदस्य म्हणतील की प्रत्येक घोड्याचे रक्त घेणे म्हणजे घोड्याला त्रास आणि मंडळाला खर्च. त्रासाबद्दल मी निःशंकपणे सांगू शकतो. मानेची शीर घोड्यात इतकी ठसठशीत असते की अंगठ्याने खाली दाब दिला की ती फुगून वर येते आणि सरावलेल्या हाताने नमुना अर्ध्या मिनिटात होतो. तासभर अनोळखी खोलीत कोंडून घालण्यापेक्षा घोड्याला ते पुष्कळ सुसह्य आहे. खर्च वाढेल, हे खरे. पण जो नमुना पुढे काहीच ठरवू शकत नाही, तो घेण्यावरचा आणि पाठवण्यावरचा खर्च वायाच जातो.

रक्त घेतले म्हणजे काम झाले, असेही नाही. एका हंगामात मी काढलेल्या नळ्या एका वाहनात बर्फाविना ठेवल्या गेल्या आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी कित्येक तास तशाच फिरल्या. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेने कळवले की त्यांतल्या बऱ्याच नळ्यांमधल्या रक्तपेशी फुटल्या होत्या आणि वरचा द्रव लालसर झाला होता. कोणाकडून हे घडले, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. वाहनात थंडी राखण्याची जबाबदारी कोणाची, हे कुठल्याच कागदावर लिहिलेले नव्हते, ही खरी उणीव. फ्युरोसेमाइड प्रकाशाने विघटित होणारे औषध आहे, म्हणून नमुना उजेडात राहता कामा नये. रक्त शक्य तितक्या लवकर यंत्रात वेगाने फिरवून त्यातला द्रव वेगळा करून गोठवला पाहिजे. आणि नळीवरचे सील, क्रमांक आणि घोड्याच्या प्रतिनिधीची सही यांचा मेळ बसला पाहिजे. नमुन्याचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग करून दुसरा भाग राखून ठेवण्याची पद्धत सर्वमान्य आहे, पण राखून ठेवलेल्या भागातही पुरेसे प्रमाण असावे लागते. ट्रेनरने दाद मागितली आणि ‘ब’ नळीत तपासणीपुरता द्रवच निघाला नाही, तर त्याचा हक्क कागदावरच राहतो.

जिथे शर्यतीच्या दिवशी हे औषध मुळीच चालत नाही, तिथल्या मंडळांना वाटेल की हा प्रश्न त्यांचा नाही. अमेरिकेबाहेरच्या बहुतेक मोठ्या शर्यत-देशांत हीच स्थिती आहे, आणि खुद्द अमेरिकेतही २०२० च्या संघीय कायद्यानंतर दोन वर्षांच्या घोड्यांच्या आणि मानाच्या शर्यतींमधून हे औषध वगळले गेले. परंतु अशा ठिकाणी प्रश्न अधिक नाजूक होतो. सरावात अनेक घोड्यांना हे औषध दिले जाते. ते बहुतांशी न बदलता लघवीतून बाहेर पडते आणि पेंढ्यात मुरते. घोडे पेंढा चघळतात. फ्लुनिक्सिनसारख्या वेदनाशामकाच्या बाबतीत अशा दूषित खोलीतून घोड्याच्या अंगात पुन्हा औषध शिरू शकते, हे दिसून आलेले आहे. आजची यंत्रे मिलिलिटरमागे नॅनोग्रॅमच्याही कितीतरी खाली पाहू शकतात, आणि त्यामुळे ‘सापडले’ आणि ‘दिले’ या दोन शब्दांतले अंतर ओळखणे आवश्यक झाले आहे. फक्त लघवीत अंशमात्र आढळले आणि त्याच वेळच्या रक्तात काहीच नाही, तर ते एक चित्र. दोन्हींत आढळले तर ते वेगळे चित्र. बंदी असलेल्या ठिकाणी रक्त आणि लघवी अशा जोडनमुन्याची गरज कमी नाही, अधिक आहे.

आणखी एक गोष्ट, जी फारशी बोलली जात नाही. जिथे औषधाची घोषणा कार्यक्रमपत्रिकेत छापली जाते, तिथे घोषित घोड्याच्या अंगात ते न सापडणे हाही नियमभंग मानला जातो, आणि तो योग्यच आहे, कारण लोकांना सांगितलेली गोष्ट खरी नव्हती. ही उलटी तपासणी करायलाही नमुना नीट घेतलेला असावा लागतो. उन्हात राहिलेल्या नळीत औषध सापडले नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. तसेच चाचणीची नजर फ्युरोसेमाइडपुरतीच ठेवू नये. सूज उतरवण्यासाठी डेक्सामेथासोनसोबत दिले जाणारे ट्रायक्लोरमेथायझाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड, असेटाझोलामाइड, ही सगळी लघवी वाढवणारीच औषधे आहेत. लघवी पाण्यासारखी आली आणि फ्युरोसेमाइड नाही, एवढ्यावर शोध थांबवणे हा हलगर्जीपणा आहे.

म्हणून माझी आपणा सर्वांना विनंती आहे की नियमावलीतला ‘रक्त किंवा लघवी’ हा शब्दप्रयोग काढून ‘रक्त आणि लघवी’ असा करावा. रक्त आधी घ्यावे, म्हणजे लघवीची वाट पाहताना ते राहून जाणार नाही. विशिष्ट गुरुत्व घोड्याच्या प्रतिनिधीसमोर तिथल्या तिथे मोजून दोघांच्या सहीने लिहावे, आणि प्रयोगशाळेने ते पुन्हा पडताळावे. रिफ्रॅक्टोमीटर हातात मावणारे साधे उपकरण आहे. ते प्रत्येक नमुना-तबेल्यात असावे आणि दर दिवशी काम सुरू करण्याआधी शुद्ध पाण्याने तपासून शून्यरेषेवर आणावे, यासाठी कोणत्याही मोठ्या निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही.

आणि ती ‘लघवी मिळाली नाही’ची चौकट. ती काढून टाका, असे मी म्हणत नाही. कारण काही घोडे खरोखरच करत नाहीत, आणि मूत्राशय रिकामे करण्यासाठी त्यांना आणखी एखादे औषध टोचणे हा तर विचारही होऊ नये. पण त्या चौकटीखाली चार ओळी छापाव्यात : घोडा किती वाजता आत आला, किती वेळ वाट पाहिली, आत येण्याआधी त्याने कुठे लघवी केल्याचे कोणी पाहिले का, आणि रक्त किती वाजता घेतले. या चार ओळी भरलेल्या नसतील तर तो फॉर्म प्रयोगशाळेने अपूर्ण म्हणून परत पाठवावा, आणि कोणत्या घोड्याच्या किंवा तबेल्याच्या नावापुढे ही खूण वारंवार पडते, याची यादी मंडळाने दर हंगामाअखेर पाहावी.

अशा फॉर्मचा मसुदा माझ्याकडे तयार आहे आणि जे मंडळ मागेल त्याला तो मी विनामूल्य देईन. हा विषय आपल्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती.

कळावे,

आपला विश्वासू,
नमुना-तबेल्यात काम केलेला एक पशुवैद्य